शहाण्याने चढू नये ती पायरी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आमच्या धर्मग्रामात पवित्र शास्त्रातील वचनाइतक्याच श्रद्धेने उच्चारली जाते. शेताचा बांध असो, विहिरीचे पाणी असो, भावाभावांतील वाटणी असो वा नवरा-बायकोचे बिनसलेले असो, कोणी तरी वडीलधारा ही म्हण टाकतो आणि साऱ्यांच्या नजरा चर्चच्या कार्यालयाकडे वळतात. संध्याकाळची मिस्सा आटोपून आम्ही कार्यालयाचे दार उघडतो तेव्हा बाकावर बहुधा मुलीची आई बसलेली असते. नवरा-बायको नंतर येतात. आधी आई येते. आम्हीही गेली कित्येक वर्षे ही म्हण निःशंकपणे वापरत आलो. आज तिची थोडी झडती घ्यावी असे मनात आहे.

म्हण खोटी नाही. पण ती कोणाच्या तोंडी आहे यावर तिचा अर्थ ठरतो, हे उमजायला आम्हाला फार वेळ लागला. ज्याच्या नावावर घर आहे, सातबारा आहे, ज्याच्या कपाटात बँकेचे पुस्तक आहे, तो जेव्हा म्हणतो की कोर्टकचेरी नको, तेव्हा त्याला शांतता हवी असते. कारण आहे त्या स्थितीत त्याचे काहीच बिघडलेले नसते. जिला रात्री अकरा वाजता हातात पिशवी देऊन घराबाहेर उभे केले आहे, तिच्या कानावर हीच म्हण पडते तेव्हा तिचा अर्थ ‘गप्प राहा’ एवढाच उरतो. म्हण एकच, शब्द तेच. पण एकासाठी ती शहाणपण ठरते आणि दुसऱ्यासाठी बंद दार.

न्यायालयाबाहेर विवाह मोडणे किंवा सांधणे ही काही नवी कल्पना नव्हे. आपल्या भाषेकडेच पाहावे. काडीमोड, सोडचिठ्ठी, फारकत हे तिन्ही शब्द कोर्टाच्या दप्तरात जन्मलेले नाहीत. पंचांसमोर काडी मोडली की झाली काडीमोड. चिठ्ठी हाती ठेवली की झाली सोडचिठ्ठी. आज कायद्याच्या भाषेत रूढ झालेला ‘घटस्फोट’ हा शब्द तर मुळात पतिताला जातीबाहेर टाकताना घडा फोडण्याच्या विधीचा. म्हणजे एका शब्दात संबंध तोडणे आहे आणि दुसऱ्यात माणसालाच तोडणे आहे; भाषेनेही ही दोन कृत्ये पुढे एकमेकांत मिसळून टाकली. जुन्या करारातील सूटपत्र याच जातीचे. मोशेने ते का लिहून देऊ दिले, याचे प्रभू येशूने दिलेले उत्तर आपणास ठाऊक आहे: माणसांच्या अंतःकरणाच्या कठोरपणामुळे. पण त्या कठोर काळात त्या कागदाचा एक उपयोग होताच. टाकलेल्या स्त्रीच्या हाती आपण कोणाच्या मालकीची नाही एवढे सांगणारा पुरावा राही.

पंचांच्या न्यायाची दुसरी बाजूही आपल्या राज्याने पाहिली आहे. जातपंचायतींनी दंड बसवावेत, कुटुंबे वाळीत टाकावीत, बायकांच्या अब्रूचा लिलाव मांडावा, अशा घटना इतक्या वाढल्या की महाराष्ट्र विधिमंडळाला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. चर्चच्या कार्यालयातील बैठक म्हणजे जातपंचायत नव्हे, असे आपण चटकन म्हणू. तसे असावे अशी आमचीही इच्छा आहे. परंतु टेबलाच्या एका बाजूला समाजातील वजनदार माणसे आणि दुसऱ्या बाजूला एकटी बाई, हे चित्र दोन्हीकडे सारखे असेल, तर मध्ये क्रूस टांगला आहे एवढ्यानेच फरक पडतो काय?

कोर्टाची बाजू आम्ही मुळीच हलकी लेखत नाही. पण कोर्टातला ताप आम्ही जवळून पाहिला आहे. आपल्या ख्रिस्ती विवाहांसाठी जो १८६९ सालचा घटस्फोट कायदा आहे, त्यात सव्वाशेहून अधिक वर्षे पतीला केवळ पत्नीचा व्यभिचार सिद्ध करणे पुरेसे होते. पत्नीला मात्र व्यभिचारासोबत क्रूरता किंवा दोन वर्षांचा परित्याग असे काहीतरी जोडून दाखवावे लागे. मार खाऊन अंग मोडलेल्या ख्रिस्ती स्त्रीला, नवऱ्याने दुसरी बाई ठेवलेली नसेल तर, घटस्फोट मिळत नसे. जिल्हा न्यायालयाने दिलेल्या निकालावरही उच्च न्यायालयाचे शिक्कामोर्तब लागे. केरळ उच्च न्यायालयाने १९९५ साली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९९७ साली, प्रगती वर्गीस प्रकरणात, या विषमतेवर घाव घातला आणि २००१ साली संसदेने कायदा दुरुस्त केला. तेव्हा कोठे परस्परसंमतीने विभक्त होण्याचे कलम, १०-अ, ख्रिस्ती दांपत्यांच्या वाट्याला आले. त्यातही इतरांना एक वर्ष विभक्त राहणे पुरे असताना आपल्याला दोन वर्षे लिहिली गेली. केरळ उच्च न्यायालयाने २०१० साली ती दोन वर्षे एक वर्ष म्हणून वाचावीत असे ठरविले. त्या संमतीच्या कलमापूर्वी न्यायालयात जाणे म्हणजे जोडीदाराला दुर्जन ठरविणे भागच होते. आजही वादाच्या अर्जांतून तेच घडते. नवऱ्याकडचा वकील बायकोला वेडी लिहितो, बायकोकडचा वकील नवऱ्याला नपुंसक लिहितो. दोघांनाही ते खोटे असल्याचे ठाऊक असते. ते कागद मात्र राहतात, आणि एक दिवस मुलगा किंवा मुलगी मोठी होऊन ते वाचते. एका तरुणाने असा कागद आमच्यासमोर ठेवून, ‘फादर, यातला खरा बाप कोणता?’ असे विचारले होते. उत्तर आम्हाला सुचले नाही.

खुद्द कायद्यालाही हे मान्य आहे. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याने न्यायाधीशावर पहिले कर्तव्य टाकले ते समेटाचे. वकील उभा करणे हा तेथे पक्षकाराचा हक्क मानलेला नाही आणि समुपदेशकांची नेमणूक कायद्यातच आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली वैवाहिक वाद प्रारंभीच मध्यस्थीकडे पाठवावेत असे बजावले. २०२३ साली संसदेने मध्यस्थीचा स्वतंत्र कायदा केला आणि त्यात दावा दाखल करण्यापूर्वीच स्वेच्छेने मध्यस्थाकडे जाण्याची वाट आखून दिली. तेव्हा कोर्ट आणि कोर्टाबाहेरची बैठक हे दोन शत्रू नव्हेत. एक गोष्ट मात्र प्रत्येक धर्मग्रामाच्या फलकावर लावावी अशी आहे: नोटरीचा शिक्का मारलेला कागद म्हणजे घटस्फोट नव्हे. दोघांनी सह्या केल्या, दोन्हीकडच्या मामांनी साक्षी घातल्या, अगदी धर्मगुरूने सही केली तरी कायद्यापुढे तो विवाह अबाधित असतो. आमच्या न्यायासनाने विवाह मुळातच झाला नव्हता असा निर्णय दिला तरी नागरी कायद्यापुढे त्याने काहीच बदलत नाही. १९९६ साली मॉली जोसेफ खटल्यात आणि पुन्हा २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले आहे. या अज्ञानातून दुसरे लग्न करून बसलेली आणि नंतर पस्तावलेली माणसे आम्ही पाहिली आहेत.

आता आमच्या हातून घडलेल्या चुकीविषयी. येथे ‘आम्ही’ म्हणताना धर्मग्राम परिषदेला वा अन्य कोणाला सोबतीला ओढण्याचा हेतू नाही. चूक एकट्या आमची होती. तपशील थोडे बदलले आहेत.

२००७ सालची गोष्ट. एका जुन्या धर्मग्रामात आम्ही प्रमुख धर्मगुरू होतो, चाळिशीच्या उंबरठ्यावर, उत्साह दांडगा. एक तरुण स्त्री चार वर्षांच्या मुलीला घेऊन माहेरी येऊन राहिली होती. नवरा गायनवृंदातला, देवळाच्या सणाला सगळ्यांच्या पुढे राबणारा, बोलण्यात गोड. दोन्हीकडच्या माणसांनी आम्हाला गळ घातली. तीन बैठका झाल्या. दोघांना आम्ही समोरासमोर बसविले, बाजूला तिची सासू, त्याचा थोरला भाऊ, तिचे वडील. नवरा बोलला, भरभरून बोलला, रडलासुद्धा. ती फारशी बोलली नाही. ‘बाय, तुला काही सांगायचे आहे का?’ असे आम्ही दोनदा विचारले. तिने मान हलविली. ती मान होकाराची होती की नकाराची, हे आज आठवत नाही, आणि त्या दिवशी आम्ही नीट पाहिलेही नाही. संत पौलाने करिंथच्या ख्रिस्ती लोकांना एकमेकांवर दावे लावल्याबद्दल जे खडसावले आहे ते आम्ही वाचून दाखविले. अन्याय सोसणे का पत्करीत नाही, हा त्याचा प्रश्नही वाचला. वेदीसमोर दोघांचे हात हातात दिले. पुढच्या रविवारी प्रवचनात, नाव न घेता, या समेटाचा उल्लेख केला. नाव न घेऊन काय उपयोग? साऱ्या गावाला ठाऊक होते.

दोन-अडीच महिन्यांनी ती हात मोडून रुग्णालयात पडली. तिला पाहून परतल्यावर आमच्या सॅक्रिस्टनने खाली मान घालून एक गोष्ट सांगितली. समेटाच्या आदल्या संध्याकाळी ती एकटी चर्चमध्ये आली होती. कार्यालयाच्या दारात सासूच्या चपला दिसल्या तशी परत फिरली.

त्यानंतर तिने केले ते आमच्या सल्ल्याने केले नाही. ती आपण होऊन पोलिसांकडे गेली, तेथून महिला समुपदेशकाकडे, तेथून संरक्षण अधिकाऱ्याकडे. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा अंमलात येऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. मारहाणीला मनाई, राहायला जागा, मुलीचा खर्च, हे सारे तिला न्यायालयाच्या आदेशाने मिळाले. जी पायरी शहाण्याने चढू नये म्हणतात, तिच्यावरच तिला उभे राहायला जागा सापडली.

या प्रसंगाने आमच्यापुढे जो प्रश्न उभा केला तो समुपदेशनाच्या तंत्राचा नव्हता. संमती म्हणजे काय, हा तो प्रश्न होता. विवाहापूर्वी आपण वधू-वरांची चौकशी करतो. दोघांना वेगवेगळे बसवितो, दार लावतो, शपथ देतो, आणि विचारतो: कोणाची जबरदस्ती नाही ना? कोणाला भिऊन होकार देत नाही ना? धर्मसभेच्या कायद्यात, कलम ११०३ मध्ये, जबरदस्तीने वा मोठ्या भीतीपोटी दिलेली संमती ही संमतीच नव्हे. असा विवाह मुळातच शून्य. सेमिनरीत हे कलम आम्ही तोंडपाठ केले होते. मग तीच मुलगी सहा वर्षांनी मोडलेल्या मनाने आमच्याकडे येते, तेव्हा तिला सासूच्या आणि नवऱ्याच्या नजरेसमोर बसवून परत जाण्याची संमती कशी काय मागतो? लग्नाच्या होकारासाठी भीती हा दोष. नांदण्याच्या होकारासाठी मात्र भीती चालते, असे कोठे लिहिले आहे?

तडजोडीला नैतिक मोल केव्हा येते? आम्हाला वाटते, ती नाकारणे ज्याला शक्य होते त्याने ती स्वीकारली तरच. ज्याच्यापुढे दुसरे दारच नाही त्याच्या होकाराला शरणागती म्हणतात. मध्यस्थ या शब्दातच मध्ये उभा असलेला असा अर्थ आहे. पण जमीनच उतरती असेल तर मध्यावर उभा राहणाराही सपाटीवर उभा नसतो. दोघांकडून सारखे अंतर राखले म्हणजे न्याय झाला, हा आमचा भ्रम होता. म्हणून आज आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक दांपत्याला, विशेषतः त्यातील दुबळ्या बाजूला, आम्ही प्रथम हेच सांगतो की कोर्टाचे दार उघडे आहे, विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना विनामूल्य वकील मिळतो, आणि तेथे जाणे पाप नाही. कोर्टाची पायरी हाताशी असेल तरच आमच्या पायरीवरचा समेट खरा ठरण्याची शक्यता असते. काही धर्मबंधूंना हे उफराटे वाटते, त्याला इलाज नाही.

संत पौलाच्या त्या पत्राकडेही आम्ही पुन्हा वळलो. त्या काळच्या रोमन न्यायालयांत मानमरातब आणि पैसा असणाऱ्यांचाच वरचष्मा असे. दावा लावू शकणारा सहसा बलवान असे. काही भाष्यकारांच्या मते प्रेषिताचा राग त्या बलवान माणसांवर आहे. अन्याय सोसा, हे त्याने दावा लावणाऱ्यांना सांगितले. आम्ही ते मार खाणाऱ्या बाईला वाचून दाखविले. आणि मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील तो प्रसिद्ध क्रम? आधी एकट्याने जाऊन बोल, मग एक-दोघांना सोबत ने, मग मंडळीला सांग. तेथे पुढाकार दुखावलेल्याकडे दिलेला आहे, आणि समोरचा मंडळीचेही ऐकत नसेल तर त्याच्यापासून दूर होण्याची मुभा प्रभूने शेवटी ठेवलेली आहे. बोलणी निष्फळ ठरू शकतात, हे प्रभूला मान्य होते; आमच्यासारख्यांना ते मान्य व्हायला जड जाते, कारण निष्फळ बैठक हा आमच्या प्रतिष्ठेवरचा डाग वाटतो.

याहून अधिक अस्वस्थ करणारा प्रसंग लूकच्या शुभवर्तमानातील बाराव्या अध्यायात आहे. वारसा वाटून द्यायला माझ्या भावाला सांगा, अशी विनंती घेऊन एक माणूस गर्दीतून पुढे येतो. प्रभू ती नाकारतो. तुमचा न्यायाधीश किंवा वाटणीदार मला कोणी नेमले, असे उलट विचारतो. ज्याने जगाचा न्याय करायचा तो एका घराची वाटणी करायला नकार देतो! मग आम्ही कोण? कित्येक दिवस आम्हाला वाटत राहिले की धर्मगुरूने या टेबलावर बसूच नये. पण त्या माणसाला प्रभूने रिकाम्या हाती परत पाठविले नाही, हेही तेथेच आहे. धान्याची कोठारे वाढवीत बसलेल्या श्रीमंताची गोष्ट त्याने लगेच सांगितली. वाटणी केली नाही, पण वाटणीमागची हाव उघडी केली. आमच्या जागेची सीमा कदाचित तेवढीच असावी. कोणी किती द्यायचे हे आम्ही ठरवू नये. काय लपविले जात आहे ते उजेडात आणण्याइतपतच बसावे.

लपविले जाते ते बहुधा पैसे असतात. नवरा पगार सांगतो तो पाव असतो. कधी बायकोकडूनही दागिने माहेरी ठेवल्याचे सांगितले जात नाही. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा या निकालात पोटगीच्या प्रत्येक प्रकरणी दोन्ही पक्षांनी मिळकत, मालमत्ता व कर्ज यांचे प्रतिज्ञापत्र देणे बंधनकारक केले. आम्ही तोच नमुना चर्चच्या टेबलावर आणला. पहिल्या बैठकीआधी दोघांनी तो भरून आणायचा. न आणल्यास बैठक नाही. यावरून एक गृहस्थ आमच्यावर रागावून दुसऱ्या धर्मग्रामात मिस्सेला जाऊ लागले. घर सासऱ्याच्या नावावर असेल तर सुनेचा तेथे काहीच हक्क नाही, ही समजूतही त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका निकालाने मोडली आहे. ती नांदत होती ते घर सासऱ्याचे असले तरी तिच्या निवाऱ्याचा विचार न्यायालयाला करावा लागतो. वडिलांना हे सांगताना त्यांचा चेहरा पाहण्यासारखा असतो.

आणखी एक अडचण अशी आहे की तिच्याविषयी बाहेर कोणी बोलत नाही. ज्या नवऱ्याला आम्ही टेबलाशी बसवितो, त्याने मागच्या शनिवारी आमच्याच कानात पापनिवेदन केलेले असू शकते. तेथे ऐकलेले जिभेवर आणणे तर दूरच, त्याच्या आधारे त्याला जाच होईल असे वागणेही आम्हाला निषिद्ध आहे. मग तो टेबलावर एक सांगतो आणि आम्हाला दुसरे ठाऊक असते, तेव्हा काय करायचे? अशा वेळी आम्ही तटस्थ नसतो, फक्त मुके असतो. यावर आम्हाला एकच उपाय सापडला: ज्यांची बैठक आमच्यापुढे चालू आहे त्यांनी त्या काळात पापनिवेदनासाठी शेजारच्या धर्मगुरूंकडे जावे. आणि जेथे आधीच काही कानावर पडले असेल, तेथे कारण न देता आम्हीच बाजूला होतो. लोक त्याला कामचुकारपणा म्हणतात. म्हणोत.

मारहाण असेल तेथे समोरासमोरची बैठक नाही, हा आमचा आता पक्का नियम आहे. तेथे आधी सुरक्षितता, मग वकील, आणि बोलणे झालेच तर वेगवेगळ्या दिवशी, धर्मभगिनी किंवा महिला मंडळातील एखाद्या जाणत्या बाईच्या सोबतीने. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ पासून पोलीस यंत्रणेतच महिला व मुलांसाठी विशेष कक्ष चालविला. तेथील अनुभवी कार्यकर्त्या जे जाणतात ते सेमिनरीत आम्हाला कोणी शिकविले नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली कुटुंबाविषयीच्या आपल्या पत्रात धर्मप्रांतांनी समेट व मध्यस्थीसाठी जाणकार केंद्रे उभारावीत असे सुचविले, आणि काही प्रसंगी विभक्त होणे नैतिकदृष्ट्या आवश्यकही ठरते असे निःसंदिग्धपणे लिहिले. एकटा धर्मगुरू पुरा पडत नाही, असाच त्याचा अर्थ आम्ही घेतो.

समेट म्हटला की आम्हाला रखमाबाईंची आठवण होते. लहानपणी लग्न लावून दिलेल्या या मुंबईच्या मुलीवर नवरा दादाजी भिकाजी याने १८८४ साली नांदायला येण्याचा दावा लावला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी तिच्या बाजूने निकाल दिला. अपिलानंतर १८८७ साली न्यायमूर्ती फॅरन यांनी नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम केला. तिने तुरुंगाची तयारी दाखविली. साऱ्या देशात गदारोळ झाला. आणि १८८८ साली प्रकरण मिटले ते न्यायालयाबाहेर: दोन हजार रुपये घेऊन दादाजीने हुकूम बजावण्याचा आग्रह सोडला. रखमाबाई विलायतेला गेल्या, डॉक्टर झाल्या, सुरत आणि राजकोट येथे त्यांनी आयुष्यभर स्त्रियांची सेवा केली. त्या तडजोडीने एक आयुष्य वाचले यात शंका नाही. पण जे स्वातंत्र्य तिचेच होते ते तिला विकत घ्यावे लागले, आणि जो प्रश्न तिने न्यायालयापुढे ठेवला होता तो अनुत्तरित राहिला. दोन हजारांत रखमाबाई सुटल्या. तिच्यासारख्या इतर मुलींसाठी कायदा तसाच उभा राहिला. न्यायालयाबाहेरच्या प्रत्येक समेटात हे थोडे असतेच. त्या दोघांचे भागते. मागून येणाऱ्यासाठी काही लिहून ठेवले जात नाही. ही किंमत कधी मोजण्यासारखी असते, कधी नसते. रखमाबाईंच्या जागी आम्ही असतो तर पैसे दिले असते, असे आम्हाला वाटते.

हे सारे वाचून कोणी म्हणेल की मग बैठका बंदच करा. तसे नाही. काही वर्षांपूर्वी एक दांपत्य आले. तो बोटीवर नोकरीला, ती शिक्षिका. मार नाही, दारू नाही, तिसरे कोणी नाही. आठ-नऊ वर्षांत दोघांतले सारे आटून गेले होते. पुन्हा एकत्र राहावे यासाठी आम्ही वर्षभर प्रयत्न केला आणि हरलो. मग घर, दागिने, मुलाचा खर्च यांवर बोलणे सुरू झाले. ते दोन बैठकांत मिटले. तीन आठवडे अडले ते एका वेगळ्याच गोष्टीवर: मुलाच्या प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकाराच्या दिवशी पहिल्या बाकावर त्याच्याजवळ कोणी बसायचे? या प्रश्नाला कोणत्या न्यायालयात कोणते कलम लावणार? एक दिवस ती म्हणाली, ‘फादर, त्याला मध्ये बसवू या.’ तो काही बोलला नाही, पण कागदावर ते वाक्य त्यानेच लिहिले. ठरलेले सारे वकिलाकडे गेले, तेथून संमतीचा अर्ज न्यायालयात. मुलाविषयीच्या कलमांवर मात्र न्यायाधीश बांधील नसतात. आईबापांनी काहीही ठरवो, मुलाचे हित त्यांना स्वतंत्रपणे पाहावे लागते आणि पुढे ते बदलताही येते. हे योग्यच आहे. टेबलावर मूल बसलेले नसते. त्याच्या वतीने कोणी तरी जागे असले पाहिजे.

या प्रकरणानंतर आमच्याच धर्मग्राम परिषदेतील एका ज्येष्ठांनी भर बैठकीत विचारले, ‘फादर, तुम्हीच लग्न लावणार आणि तुम्हीच मोडणार काय?’ प्रश्न बोचरा होता, आणि त्यांचा हेतू शुद्ध होता. आम्ही त्यांना जे सांगितले ते येथे नोंदवितो. विवाहबंधनावर तडजोड होऊ शकत नाही. सार्वजनिक हिताच्या गोष्टींवर समझोता करता येत नाही असे आपल्या कायद्याचे कलम १७१५ सांगते, आणि बंधन हे तसेच आहे. ते आहे की नाही हे न्यायासन तपासते, आम्ही नाही. परंतु बंधन राखूनही वेगळे राहण्याची सोय याच कायद्यात कलम ११५१ ते ११५५ मध्ये आहे. जोडीदारामुळे आत्म्याला वा शरीराला गंभीर धोका असेल तर विलग होता येते, आणि उशीर धोक्याचा असेल तर महागुरूंच्या हुकमाची वाटही पाहावी लागत नाही. विलग झालेल्यांच्या मुलांचे पोषण व शिक्षण यांची तजवीज झालीच पाहिजे, असे त्याच ठिकाणी आहे. ती तजवीज हवेत होत नाही. कोणाला तरी टेबलाशी बसावे लागते. नागरी घटस्फोटाचा कागद हा काही वेळा त्या तजविजीचा एकमेव कायदेशीर मार्ग असतो. ते ऐकून घेतात, पण त्यांचे समाधान झालेले नाही. दर सभेत पुन्हा विचारतात. आम्हीही त्यांना टाळत नाही, कारण खरे सांगायचे तर आमच्या मनाचा एक कोपरा त्यांच्या बाजूचा आहे. लग्न लावताना ज्या हातांवर आम्ही हात ठेवला, तेच हात मिळकतीच्या नमुन्यावर सही करताना पाहणे सोपे नाही.

गेल्या वर्षी एक तरुणी आमच्या सध्याच्या धर्मग्रामातील मुलाशी लग्न ठरल्याचे सांगत कार्यालयात आली. सोबत आई होती. पांढऱ्या झालेल्या केसांमुळे आम्ही तिला लगेच ओळखले नाही. डावा हात ती जरा अवघडून धरीत होती, त्यावरून ओळखले. जुन्या प्रसंगाचा उल्लेख तिने केला नाही. क्षमा मागण्याची संधी आली होती. आम्ही दोन शब्द पुटपुटलो, तिने ते ऐकले की नाही कळले नाही. मुलगी चौकशीसाठी आत आली, आई बाहेर बाकावर बसली. अर्ध्या तासाने आम्ही दार उघडले तेव्हा ती उठून उभी राहिली.

‘फादर, तिला एकटीला बसवून विचारलंत ना?’

‘होय.’

‘दार लावून?’

‘दार लावून.’

मग तिने पिशवीतून मुलीचा बाप्तिस्म्याचा दाखला काढला आणि टेबलावर ठेवला.